पंगतीतली चपटी गोळी

स्पार्टा, हियाकिंथियाच्या सणाला आठ दिवस उरले

लाक्रातेस,

तू बोटीवर चढलास त्या सकाळी मी बंदरावर आले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. तिथंच तुझा दंड धरून विचारलं असतं. पण तुझी घाई. म्हणे वारा अनुकूल आहे. किथेरा बेटावर वर्षभर न्यायनिवाडा करायला निघालेल्या माणसाला एका दिवसाचा वारा चुकला असता तर काय तिथले मच्छीमार एकमेकांचे गळे कापणार होते?

तेलेआस घरी आला तो उजाडल्यावर. अंगणात उभा राहिला, आणि त्याच्या दाईनं, मिर्तानं, त्याच्या तोंडाकडे बघून हातातली घागर खाली ठेवली. तिला आधी कळलं, मला मागून. मी विचारलं, "घेतलं ना पंगतीत?" तर म्हणाला, "नाही, आई."

नाही म्हणजे काय? माझ्या मुलाला नाही? त्याचा बाप ढाल हातातून न सोडता मेला. सात वर्षांचा असताना पोर माझ्याकडून उचलून नेलं तुम्ही. वेताच्या फटक्यांखाली तेरा वर्षं काढली त्यानं, नदीकाठच्या बोरूवर झोपला, कधी तोंडातून हूं काढलं नाही. आणि आता पंधरा माणसांच्या पंगतीत बसायची वेळ आली तेव्हा त्यातल्या कुणीतरी भाकरीची गोळी गोल न ठेवता मुठीत दाबून भांड्यात टाकली, एक चपटी म्हणजे नकार, झालं, संपलं. तो गडी डोक्यावर भांडं घेऊन फिरतो, त्याला आत दिसत नाही, शेजारी बसलेल्यालाही दुसऱ्याची मूठ दिसत नाही. काय सोय केलीय वाडवडिलांनी. रणात छातीवर घाव झेलणारी माणसं, आणि मत द्यायचं तर चोरून.

तुला ठाऊक आहे पंगत नसलेल्याचं काय होतं ते. पंगत नाही तर बरोबरीच्यांत जागा नाही. सभेत आवाज नाही. उद्या त्याचं नाव उण्यांत, हक्क गेलेल्यांत जाईल, पुढची पोरं त्याला बघून रस्ता सोडणार नाहीत, आणि त्याला मुलगी कुणी देणार नाही. वीस वर्षांचा आहे तो.

त्याला तूच तुझ्या पंगतीत नेलंस. तूच उभा राहिलास त्याच्यासाठी. मग तुला दिसलं असेल, कळलं असेल. मला संशय म्हाताऱ्या एउरिआदासचा आहे. तो आणि माझा नवरा एका शिकारी कुत्र्यावरून भांडले होते, आणि एउरिआदासनं तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे केली. तोच असणार. माणूस मेला तरी याचा राग जिवंत. मला खरं सांग. त्या दारातून शब्द बाहेर जात नाही हे मला नको शिकवूस. मी बाहेरची नाही, मी तुला कडेवर घेऊन हिंडलेली बहीण आहे.

तुझा या महिन्याचा वाटा पंगतीत पोचवला. जवाचं पीठ, द्राक्षारस, पनीर, अंजिरं, सगळं. तू तिथं, पण वाटा इथं पडलाच पाहिजे, नाहीतर तुझीही जागा जाईल. तिन्ही पोरींना जमिनी देऊन तू मोकळा झालास, आता आईकडून मला आलेल्या शेतावर तुझी पंगत चालते. हे मी बोलून दाखवत नाहीय. काळजी करू नकोस एवढंच सांगतेय.

निकासो


आमिक्लाय, सणाचा तिसरा दिवस

लाक्रातेस,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. "ताई, चार गोळ्या चपट्या निघाल्या. एक असती तर मी उठून बोललो असतो. चारांपुढं काय करणार. पोराला दुसऱ्या पंगतीत न्या."

चार. मी ते वाचलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. चार माणसं माझ्या पोरावर उठली आणि मला एकाचंच नाव सुचत होतं. मग विचार केला, चार तर चार. नदीपलीकडच्या पंगतीत माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ आहे, तेलेआस त्याच्याकडे गेला. त्यांनी त्याला जेवायलाही बोलावलं नाही. दारातच सांगितलं, "पोरा, तुझ्या हाताबद्दल आम्ही ऐकलंय." हाताबद्दल काय ऐकलंय? त्याचे हात तर नांगराच्या दांड्यासारखे आहेत. मी त्याला विचारलं. खांदे पाडून शेतावर निघून गेला, मिर्ताच्या फोर्बासबरोबर बांध घालायला. एका स्पार्टन आईच्या मुलानं हेलॉटाच्या, शेतावर राबणाऱ्या गुलामाच्या मुलाबरोबर दगड उचलायचे. लोकांनी बघितलं. मी त्याला ओरडले तर म्हणाला, "आई, तू ओरडू नकोस. तुझा आवाज सगळ्या गावाला पाठ आहे."

तर आज इथं सणाला आले. आम्हा बायकांच्या गाड्या देवळाच्या वाटेला लागल्या होत्या आणि एउरिआदास कडेला उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी गाडी थांबवली. सगळ्या बायका बघत होत्या, खिलोनिसही होती, तुझी बायको, तिनं माझा पदर ओढला, "वन्सं, नका हो, सण आहे." मी नाही ऐकलं.

मी म्हटलं, "एउरिआदास, कुत्र्याचा राग मुलावर काढलास ना? भाकरी दाबायला म्हातारपणी बरी ताकद आली तुझ्या मुठीत."

तो जागचा हलला नाही. बायका हसायच्या थांबल्या. मग म्हणाला, "बाई, तुझ्या नवऱ्याशी मी भांडलो ते तोंडावर. त्याच्या पोराशी भांडायचं असतं तर तेही तोंडावर भांडलो असतो."

"मग ते चार कोण?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या वेड्याकडे बघावं. म्हणाला, "चार? एकच निघाली. आणि ती माझी नव्हती." पंगतीतलं बोलला म्हणून त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण काठी आपटत तो गर्दीत शिरला आणि पुन्हा दिसला नाही.

मला चारचौघींत तोंडघशी पडावं लागलं. ते असो. पण लाक्रातेस, तो म्हणतो एक, तू म्हणतोस चार. म्हातारा आयुष्यात कधी खोटं बोललेला कुणाला ठाऊक नाही. उद्धट आहे, खोटा नाही. तू त्याच पंगतीत, त्याच भांड्याजवळ होतास. मला हिशेब लागत नाहीय. लवकर लिही. एक असती तर उठून बोललो असतो, असं तुझंच वाक्य आहे.

निकासो


स्पार्टा, सण उतरल्यावर

लाक्रातेस,

हिशेब लागला.

कसा लागला ते ऐक. मी तेलेआसला शेतावरून बोलावलं, दार लावून घेतलं, म्हटलं, "तुझ्या हाताबद्दल लोकांनी काय ऐकलंय ते मला आत्ता सांग, नाहीतर मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही." मग बोलला.

कारभारी एफोरांनी नेहमीप्रमाणे हेलॉटांवर युद्ध पुकारलं, म्हणजे मारलं तर पाप लागत नाही. पोरांना खंजीर देऊन रानात सोडलं. तगडा दिसेल तो हेलॉट संपवायचा. तेलेआस ऑलिव्हच्या मळ्यावरच्या पायवाटेला बसला होता आणि समोरून आला कोण, तर फोर्बास. मिर्ताचा मुलगा. एका छातीचं दूध दोघं प्यायलेले. तेलेआसनं त्याला जाऊ दिलं आणि टोळीच्या म्होरक्याला सांगितलं की वाटेनं कुणी आलंच नाही.

मी विचारलं, "हे तू कुणाला सांगितलंस?"

"फक्त मामाला," तो म्हणाला. "मामा म्हणाला, माझ्याजवळ ठेव, मी आहे. पाठीवरून हात फिरवला त्यानं."

तो हात. त्याच हातानं तू भाकरी दाबलीस.

आणि नुसती दाबून थांबला नाहीस. नदीपलीकडच्या पंगतीतही तूच कुजबुजलास, दुसरं कुणाला ठाऊकच नव्हतं. मग मला लिहिलंस चार. एक म्हटलं असतंस तर मी तो एक शोधत बसले असते, म्हणून चार. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा तू, आणि दूध तरी कुणाचं, तर माझ्या घरचं.

तेलेआसला अजून कळलेलं नाही. मी त्याला सांगितलं नाही. तो अजून म्हणतो, मामा परत आला की काहीतरी करेल.

तर आता कर. रजा काढून ये. तुझ्या चौदा सोबत्यांसमोर उभा राहा आणि एवढंच म्हण: "ती गोळी माझी होती, मी चुकलो." कारण सांगायची गरज नाही; रानातली गोष्ट तुझ्या पोटात राहू दे. मग पुन्हा भांडं फिरव. एउरिआदास त्याच्या बाजूनं आहे हे आता मला माहीत आहे. एकदाच तोंड उघड. एवढंच मागते. बहीण म्हणून मागितलेलं आठवत असेल तर सांग, याआधी कधी काय मागितलं होतं मी तुझ्याकडे.

निकासो


स्पार्टा, कार्नेयाच्या सणाआधीची अमावास्या

लाक्रातेस यास,

यावेळी तुझं पत्र लांब होतं. बरं झालं, पहिल्यांदा काहीतरी मनातलं लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा निरनिराळ्या जागी राग आला.

तू लिहितोस, रणात माझ्या डाव्या बाजूला जो उभा राहतो त्याचं अर्धं अंग माझ्या ढालीखाली असतं आणि उजवीकडच्याच्या ढालीखाली माझं. ज्याचा हात एका हेलॉटासमोर थांबला त्याचा हात माझ्या शेजारी थांबला तर सगळी ओळ फुटेल. लिहितोस, ताई, हे मी बहिणीच्या मुलाशी वैर म्हणून केलं नाही, शहरासाठी केलं.

ठीक आहे. मी स्पार्टाची बाई आहे, मला ओळ म्हणजे काय ते कळतं, माझा नवरा त्या ओळीत मेला. तुला खरंच तसं वाटत होतं तर तू त्याला तोंडावर सांगायचं होतंस. "पोरा, माझ्या पंगतीत तुला जागा नाही." मी तुझ्याशी भांडले असते, वर्षभर बोलले नसते, पण तुझं नाव घेताना माझी जीभ विटाळली नसती. तू काय केलंस? त्याला हाताला धरून आत नेलंस, त्याच्यासाठी बोललास, आणि मग गुपचूप मूठ आवळलीस. पोटात एक, ओठांत एक. आणि दुसऱ्या सकाळी म्हणे वारा अनुकूल. हात त्याचा थांबला म्हणतोस. तुझा तर चालला, आणि मग तू पळालास.

पुढं लिहितोस, पंगतीत उठून बोलणं मला शक्य नाही, त्या दारातून शब्द बाहेर जात नाही हा नियम आहे. आणि शेवटची ओळ, तीच खरी: "जास्त ताणलंस तर मला रानातलं कारणही बोलावं लागेल, मग फोर्बासचं काय होईल ते तू समज."

ते वाचून मी मिर्ताला हाक मारली. ती जव कुटत होती. तू तिला ओळखतोस, तीस वर्षं आहे घरात. मी विचारलं, "रानातली गोष्ट तुला माहीत होती?"

"होती, मालकीणबाई."

"मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "कुणाला सांगायचं? ज्यांनी मारायला पाठवलं त्यांना?"

मला तिचाही राग आला. तिनं असं बोलावं म्हणून नाही, ते खरं होतं म्हणून. मी तिला बस म्हटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हटलं असेन. ती बसली नाही, पुन्हा मुसळ उचललं.

त्याच दिवशी तेलेआसला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो काहीतरी फोडेल, निदान शिवी देईल. तो म्हणाला, "मामानं पाठीवरून हात फिरवला होता, आई." दोनदा तेच म्हणाला. मग विचारलं, "फोर्बासला कधी निघावं लागेल?" स्वतःचं विचारलं नाही.

आता फोर्बास इथं नाही. तेलेआसही नाही. दोघं एकाच वाटेनं गेले. कुठे ते मी लिहिणार नाही, आणि खरं सांगायचं तर पुढचं मलाही ठाऊक नाही. जाताना त्यानं बापाची ढाल भिंतीवरच ठेवली. आमच्या आया मुलांच्या हाती ढाल देताना डोळ्यांत पाणी आणत नाहीत म्हणून आमची जगात ख्याती आहे. ढाल न घेता जाणाऱ्या मुलासमोर कसं उभं राहायचं हे मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं. मी रडले. मिर्ताही रडली, पण मागीलदारी, मला दिसू नये म्हणून.

तेव्हा बोल आता, ज्याला सांगायचं त्याला सांग. एफोरांना सांग, बाजारात उभा राहून सांग. घराचं दार उघडं आहे, शोधायला या म्हणावं. दोन म्हाताऱ्या सापडतील.

काल खिलोनिस आली होती. तिला गड्याकडून कळलं की या महिन्याचा जव तुझ्या पंगतीत गेलेला नाही. दारातच माझे हात धरले. "वन्सं, एक महिना चुकला तर चालेल, दुसरा चुकला तर यांचं नाव कापतात. आमच्या धाकट्याकडे बघा. दहा वर्षांचा आहे, टोळीत आहे, बापाचं नाव गेलं तर त्याचंही जाईल, त्याला काय कळतंय." मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, अंजिरं दिली. भली बाई आहे, तिच्याशी माझं वैर नाही. म्हटलं, "खिलोनिस, तुझ्या मुलानं काही केलं नाही हे मला माहीत आहे. माझ्या मुलानं काय केलं होतं?" तिला खरोखरच माहीत नव्हतं; तू तिलाही चारच सांगितले होतेस.

ती गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. धाकट्याचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं. त्याला मी नदीवर पोहायला शिकवलंय. तरीही कोठारावर गेले नाही. किल्ली माझ्याकडेच आहे.

तू आयुष्यभर मला सांगत आलास, ताई, आम्ही बरोबरीचे. राजा असो की साधा शिपाई, तोच काळा रस्सा, तीच भाकरी, तोच बाक. मी मान डोलवत आले. आता एकटी बसून बघतेय तर ती भाकरी येते कुठून? शेत माझं. त्यात राबायचा फोर्बास, ज्याला तुम्ही मारायला माणूस पाठवलात. जव कुटते मिर्ता. आणि आम्हा तिघांतल्या एकालाही त्या भांड्यात गोळी टाकता येत नाही. आम्ही भाकरी करायची, तुम्ही ती दाबायची. फुकटच्या पंगतीवर बसून माणसं किती ऐटीत निवडता रे तुम्ही.

त्या दारातून शब्द बाहेर जात नाही, नाही का? मग माझा जवही त्या दारातून आत जाणार नाही. या महिन्यात नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. किथेराच्या मच्छीमारांकडून मागून बघ. न्यायाधीश आहेस, देतीलही. पण त्यांच्या शेतात जव होत नाही, शिंपले होतात.

पंगतीतून तुला उठवतील तेव्हा तू उण्यांत येशील. ये. तिथं माझ्या मुलाची जागा रिकामी आहे, तो ती न वापरताच गेला.

बोटवाल्याकडे या पत्राबरोबर फडक्यात बांधून एक वस्तू देतेय. पोचेपर्यंत वाळेल, पण ओळखू येईल. भाकरी आज सकाळची, मिर्ताच्या हातची. तिच्यातला मऊ गर काढून गोळी केली आणि मुठीत धरून दाबली. माझ्या बोटांचे वळ त्यावर दिसतील. ती तुझ्या नावाची आहे.

कुणी विचारलं, कुणी दाबली, तर माझं नाव सांग. मी लपवत नाही.

निकासो